नोलनचा पुकारा

"पास आहे, मागे सरा," समोरच्या अडवणाऱ्या फळीतला बोडिन ओरडला, आणि चेंडू अजून नोलनच्या हातात यायचा होता.

पासच होता. नोलनने चेंडू घेतला, चार पावलं मागे गेला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. फेकावा अशा प्रत्येक जागी कोणीतरी आधीच जाऊन उभं होतं. शेवटी त्याने चेंडू रेषेबाहेर भिरकावून दिला. सरावात चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला लाल जर्सी घालायला देतात, म्हणजे त्याला कोणी आडवं करायचं नाही. बोडिनने आडवं केलं नाही, नुसतं पुढे येऊन पाठीवर थोपटलं.

"आयोवा, घरी मका वाट बघतोय तुझी."

मागचे पाच-सहा जण खदखदा हसले. नोलन डायकस्ट्रा मक्याच्या शेतांच्या आयोवा राज्यातला, म्हणून अमेरिकन फुटबॉलच्या या शिबिरात त्याला नावाने कोणी हाक मारत नव्हतं. नवख्यांना नाव नसतंच. शनिवारी सगळ्यांसाठी डोनट आणायचे, सराव संपला की जुन्यांची शिरस्त्राणं उचलायची, आणि म्हटलं की खुर्चीवर उभं राहून आपल्या कॉलेजचं गाणं म्हणायचं. नोलनने हे सगळं निमूटपणे केलं होतं. त्याची तक्रार त्याबद्दल नव्हती. चेंडू आपण फेकणार की धावणाऱ्याच्या हातात देणार, हे समोरच्या अकरा जणांना शेवटपर्यंत कळता कामा नये, क्वार्टरबॅकचा सगळा धंदा एवढ्यावरच चालतो. आणि बोडिनला ते आठवडाभर रोज कळत होतं.

कसं कळत होतं? रोज सकाळी हॅस्केट कोच नोलनला वीस चालींची यादी देत. ती तो बारीक अक्षरात उतरवून मनगटावरच्या पट्टीत सरकवी. ती यादी दुसऱ्या कोणी पाहण्याची सोय एकाच जागी होती, ती म्हणजे वसतिगृहातली दोनशे चौदा नंबरची खोली. आणि त्या खोलीतल्या दुसऱ्या खाटेवर व्हर्न टॉलिव्हर झोपत असे.

व्हर्न छत्तीस वर्षांचा. चौदा वर्षांत सहा संघ फिरलेला, आणि चौदाही वर्षं बहुतेक रेषेबाहेर टोपी घालून उभा राहिलेला. यंदा संघात क्वार्टरबॅकच्या जागा दोनच होत्या. पहिली ज्याची, त्याचं चित्र शहरातल्या बसगाड्यांवर लागलेलं होतं. उरली एक. ती व्हर्नला मिळणार किंवा नोलनला. येत्या मंगळवारी सकाळी एक माणूस दारावर टकटक करणार आणि दोघांपैकी एकाला म्हणणार, कोचनी बोलावलंय, टॅब बरोबर घे. टॅबमध्ये संघाच्या चाली असतात. तो परत मागितला की समजायचं, आपला इथला शेर संपला.

असा माणूस खोलीत असताना नोलनने यादी मोज्यात ठेवायला सुरुवात केली, तर त्याचं काय चुकलं? मोजा पायात, पाय पांघरुणात. तरी दुसऱ्या दिवशी बोडिन ओरडायचा तो ओरडलाच.

मग नोलन डोळे उघडे ठेवू लागला. जेवणघरात चेंडू चालवणारे खिडकीकडच्या टेबलांवर बसत आणि चेंडू अडवणारे भिंतीकडच्या. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडतही कोणी नसे. व्हर्न मात्र रोज सकाळी अंड्यांची थाळी घेऊन लंगडत लंगडत भिंतीकडे जाई आणि बोडिनसमोर बसे. दोघं डोकी जवळ आणून बोलत. नोलनकडे पाहत. एकदा नोलन सरबताच्या निमित्ताने त्या बाजूला गेला, तर दोघंही गप्प झाले आणि बोडिन पावाला लोणी लावू लागला. आधीच लावलेल्या पावाला.

"झोप लागली का रे, आयोवा?" व्हर्नने विचारलं.

"लागली."

"डोळ्यांवरून वाटत नाही."

नोलन सरबत न घेताच परतला.

खरा संशय पक्का झाला तो दुपारच्या विश्रांतीत. व्हर्न गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधून खाटेवर पडला होता. डोळे मिटलेले. म्हणाला, "उठ, भिंतीकडे तोंड करून उभा राहा. तुझ्या यादीतली एखादी चाल मनात धर. कुठली ते सांगू नकोस. आणि मैदानावर करतोस तसा पुकारा कर."

"कशाला?"

"म्हातारा म्हणतोय म्हणून."

नोलन उठला. चेंडू हातात येण्याआधी क्वार्टरबॅक जो पुकारा करतो, तो कुठल्याही चालीला तोच असतो. त्याने तो केला. "ब्लू एटी. ब्लू एटी. सेट. हट."

"पास," व्हर्न डोळे न उघडता म्हणाला.

पासच होता. नोलनने दुसरी चाल धरली, तिसरी धरली. दहापैकी आठ वेळा म्हातारा बरोबर निघाला. भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या नोलनच्या मनात आलं, याला यादी पाठ आहे. मोज्यातली यादी याने कधी पाहिली? आणि आता आपल्याकडूनच खातरजमा करून घेतोय की काय?

"किती बरोबर आले?" व्हर्नने विचारलं.

"तीन," नोलन म्हणाला.

व्हर्नने डोळे उघडले. "तीनच?"

"तीन."

"मग माझे कान गेले म्हणायचे," व्हर्न म्हणाला आणि बर्फाची पिशवी दुसऱ्या बाजूला वळवली. पुढच्या चार दुपारी त्याने हाच खेळ लावला, आणि चारही दुपारी नोलनने आकडा खोटा सांगितला. आपण त्याला चांगलं चकवतोय, असं त्याला वाटत होतं. आठवडाभरातलं तेवढंच एक समाधान होतं त्याच्या पदरात.

रविवारी बापाचा फोन आला. नोलनचा बाप गावातल्या धान्यकोठारावर काट्याशी बसे. ट्रक आला की लांब नळी आत खुपसून तळाचा मका वर काढायचा आणि ओला आहे का पाहायचा, हे काम त्याने सत्तावीस वर्षं केलं होतं. वरचं धान्य पाहून त्याने आजवर एकही ट्रक आत सोडला नव्हता.

"तो व्हर्न तुला जेवणाचं विचारतो, झोपेचं विचारतो?" बापाने विचारलं.

"विचारतो."

"आणि तुझी जागा त्याला हवीय."

"हो, बाबा."

"मग मला काय विचारतोस? जा की कोचकडे."

नोलन गेला. हॅस्केट कोच पडद्यावर कालचा सराव पाहत बसले होते. नोलनने उभ्या उभ्याच सांगितलं, व्हर्न माझी यादी बोडिनला देतोय.

"देताना पाहिलंस?"

"रोज सकाळी बोलताना पाहिलंय."

"बोलताना." कोचनी पडदा थांबवला. "बरं. जा तू."

एवढंच. बाहेर आल्यावर नोलनला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्याने स्वतःची समजूत घातली की खरं बोलल्यावर माणसाला असंच वाटत असेल.

मंगळवारी सकाळी टकटक झाली तेव्हा दोघंही जागेच होते. दारातला माणूस नोलनच्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "व्हर्न, कोचनी बोलावलंय. टॅब घे."

व्हर्न उठला, तोंड धुतलं, केस विंचरले. जाताना म्हणाला, "पंखा चालू राहू दे, खोली कोंदट होते." नोलनला हसू येत होतं की रडू, ते त्यालाच कळेना. जागा त्याची झाली होती. आयोवातल्या त्या गावातून आजवर कोणी इथपर्यंत आलं नव्हतं. त्याने बापाला फोन लावला, आणि बाप फोनवर चक्क रडला.

जेवणघरात तो खिडकीजवळ एकटाच बसला होता. बोडिन भिंतीकडून थाळी घेऊन आला आणि समोर बसला. अडवणारा माणूस खिडकीकडे आलेला पाहून आजूबाजूचे जेवायचे थांबले.

"मी त्याला म्हणत होतो, पोराला सरळ सांगून टाक," बोडिन म्हणाला. "ऐकेल तर शपथ."

"काय सांगून टाक?"

"तुझा आवाज, लेका. पास असला की तू 'सेट'च्या आधी आवंढा गिळतोस आणि पुढचा शब्द बारीक निघतो. धावायचं असलं की भरदार. मी पहिल्याच दिवशी ओळखलं. कोच लांब उभे, त्यांना ऐकू येत नाही. कॅमेऱ्यालाही येत नाही. व्हर्नला शंका आली म्हणून तो माझ्याकडे आला. रोज सकाळी विचारायचा, काल कितीदा ओळखलंस? कमी झालं का? वर मलाच दम, कोचना बोललास तर याद राख."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं की माणूस स्वतःचाच आवाज ऐकत बसतो, म्हणे. मग हात चुकतात, पाय चुकतात. न सांगता मोडायची होती त्याला ती सवय. पण तो म्हणाला, खोलीत पोरगा ठीक असतो, दहात तीनच ओळखू येतात. मी म्हटलं, मैदानात तर मी दहात नऊ ओळखतोय. आम्हां दोघांना त्याचा उलगडाच होईना."

नोलन उठला. थाळी तिथेच राहिली.

गाड्यांच्या आवारात ऊन आत्ताच तापू लागलं होतं. व्हर्न ट्रकच्या मागच्या बाजूला काळी प्लास्टिकची पिशवी ठेवत होता. जाणाऱ्याला सामान भरायला तसलीच पिशवी देतात, कचऱ्याची. चौदा वर्षांचा माणूस असला तरी तीच.

"व्हर्न, मी कोचना सांगितलं होतं," नोलन म्हणाला. धावत आल्याने त्याला धाप लागली होती. "तुम्ही यादी देता असं."

"माहीत आहे. त्यांनी विचारलं मला."

"मग?"

"विचारलं, बोडिनशी बोलतोस का. म्हटलं, बोलतो. पोराबद्दल बोलतोस का. म्हटलं, हो." व्हर्नने ट्रकचा फळका लावला. तो नीट बसेना, म्हणून पुन्हा उघडून लावला. "काय बोलतोस ते नाही सांगितलं."

"का नाही?"

"सांगितलं असतं तर त्यांनी आज दुपारी जवळ उभं राहून तुझा पुकारा ऐकला असता. आणि संध्याकाळी तुझीही पिशवी भरली असती. दुसऱ्या संघांनी टाकलेले दहा क्वार्टरबॅक आज मोकळे आहेत. एक फोन केला की येतील."

"त्या सगळ्या दुपारी मी खोटं सांगत होतो," नोलन म्हणाला. "तुम्ही आठ बरोबर ओळखायचात. मी तीन म्हणायचो."

व्हर्न थांबला. या वेळी मात्र त्याचा चेहरा उतरला. कोचनी टॅब घेतला तेव्हाही बहुधा इतका उतरला नसेल.

"पाच दिवस," तो म्हणाला. "मी पाच दिवस समजत होतो की माझे कान गेले. बायकोलासुद्धा फोनवर सांगितलं."

"व्हर्न, मी आत्ता जातो आणि कोचना सगळं—"

"गप. त्याने मी परत येणार नाही. माझा गुडघा कसा आहे ते डॉक्टरला माहीत आहे, कोचनाही माहीत आहे. आज नाही तर महिन्याने ते मला घालवणारच होते." त्याने किल्ली खिशातून काढली. "आणि मला देवमाणूस बिवमाणूस समजू नकोस. जागा मलाही हवी होती. रोज सकाळी उठलो की वाटायचं, मरू दे हा पोरगा. दुपारी तुझा आवाज ऐकला की चीड यायची. एवढा चांगला हात, आणि हा असला आवाज."

"आता मी काय करू?"

"पहिल्या सामन्याला बारा दिवस आहेत. कोणालातरी ऐकव. आणि खरे आकडे सांग."

ट्रक गेला. हात वगैरे कोणी हलवला नाही.

दुपारी सराव होता. नोलन लाल जर्सी घालून उभा राहिला. समोर बोडिन खाली वाकलेला. चाल पासची होती. नोलनने पुकारा केला. त्याच्या घशात सकाळपासून जे काही अडकलं होतं ते गिळताही येत नव्हतं, त्यामुळे सगळे शब्द सारखेच निघाले, जाड आणि कोरडे. बोडिन धावणाऱ्याच्या दिशेने झेपावला आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून निघून गेला. पुढच्या वेळी धावायची चाल होती, तर बोडिन मागे सरला. दहा चालींत तो चारदाच बरोबर निघाला.

सराव संपल्यावर हॅस्केट कोच मैदानात आले. बोडिन शिरस्त्राण काढून दोन हात अंतरावर बाटलीतून पाणी पीत उभा होता. नोलन त्याच्याकडे शिरस्त्राण घ्यायला चालला होता.

"फरक पडला की नाही?" कोच म्हणाले. "बातम्या बाहेर जायच्या थांबल्या की असं होतं. तू वेळेवर सांगितलंस ते बरं केलंस."

बोडिनने बाटली खाली केली आणि नोलनकडे पाहिलं. नोलनला एवढंच म्हणायचं होतं की तसं नव्हतं, कोच. तीन शब्द. त्याला बाप आठवला, सकाळी फोनवर रडणारा. फोनच्या पलीकडचे दहा मोकळे क्वार्टरबॅक आठवले. कोच वाट पाहत होते.

"हो, कोच," तो म्हणाला.

बोडिनने शिरस्त्राण नोलनच्या हातात दिलं नाही. ते स्वतःच काखेत मारून तो जेवणघराकडे चालू लागला. कोचनी नोलनच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना काही वेगळं वाटलं नाही, वाटण्यासारखं काही नव्हतंच. आवाज अगदी सारखा निघाला होता.