वाचली न गेलेली ओळ

मी एक जुना संगणक आहे. मलबारातल्या एका गावच्या वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलामागे माझे बस्तान आहे. मित्रांनो, माझ्या पडद्यावर रंगीत चित्रे नाहीत. जुन्या हाडांना तो थाट झेपत नाही. काळ्या पडद्यावर तुम्ही हुकूम लिहायचा आणि मी तो मुकाट्याने पाळायचा.

इथल्या बायकांना दासन माश, म्हणजे आमचे मास्तर, शिकवतात. "आधी पीडब्ल्यूडी लिहा, म्हणजे आपण कुठल्या कप्प्यात आहोत ते कळतं. एलएसनं तिथं काय आहे ते दिसतं. सीडीनं कप्पा बदलतो. आणि आरएमनं पुसलेलं परत येत नाही, बरं का!"

"ईदच्या हलव्यासारखंच म्हणा की, माशे!" साबिरात्ता म्हणाली आणि वर्ग खिदळला.

साबिरात्ता, म्हणजे साबिराताई, सगळ्यांत हौशी. तिच्या उम्माने, म्हणजे आईने, जन्मभर लग्नघरी ओप्पनाची गाणी म्हटली. डोळे मिटण्याआधी उम्माने गायलेले एक गाणे साबिरात्ताच्या फोनमध्ये होते. फोन भरला, तेव्हा तिने स्वतः हुकूम देऊन ते माझ्या बाहेरच्या मोठ्या कप्प्यात हलवले; आता ते फक्त माझ्याकडेच होते. केवढी हरखली होती! दुबईच्या भावाला ते दुसऱ्या दिवशी पाठवायचे होते.

जाताना आपला सरावाचा कप्पा रिकामा करायचा, असा वर्गाचा नियम आहे. गाणे हलवले त्याच दिवशी दासन माशांनी तिचा तो कप्पाच आधी काढून टाकला होता. तिला हे ठाऊक नव्हते. तिने सीडी लिहून कप्प्याचे नाव दिले. "असा कप्पा नाही," अशी ओळ मी उमटवली.

"इत्ता, चहा निवतोय तुमचा!" बाहेरून एका मैत्रिणीने हाक मारली.

"आले, आले!" म्हणत तिने आरएम लिहिले आणि पुढे 'सगळे' सांगणारी तारका ठोकली. ती अजून बाहेरच्याच कप्प्यात होती, आणि उम्माचे गाणे तिथेच होते. मला ते कळत होते. पण मला ओरडायला तोंड नाही. मी हुकूम पाळला.

गाणे गेल्याचे कळल्यावर ते परत आणायला माशांनी पुष्कळ खटपट केली.

"नाही हो मिळत, इत्ता."

"मेल्यानं मला सांगितलंसुद्धा नाही!" ती रडत म्हणाली.

मी सांगितले होते. ती ओळ अजून पडद्यावर होती. माशांनी त्यावर बोट ठेवले, तेव्हा तिने ती वाचली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही झटकलीत तरी चालेल. पण मी एकच ओळ बोलतो, तेवढी वाचत जा. आणि जिवापाड जपलेल्या गोष्टीची एक प्रत दुसरीकडे ठेवा.

साबिरात्ता अजूनही येते. आधी पीडब्ल्यूडी लिहिते, मग एलएस. आता तिचे काहीच चुकत नाही. गाणे होते त्या कप्प्यात आता काही नाही, म्हणून मी काहीच दाखवत नाही. ती पुन्हा एलएस लिहिते.