केशरबाईने उचललेला खडा

सुज्ञ वाचकहो, दोन देशांच्या चालू खात्यावरील खर्चाची वर्षावर्षांची तुलना मी एका दुपारी जाहीरपणे केली, आणि तिच्यापायी केशरबाईच्या बाबतीत जे घडले, ते प्रस्तुत लेखात यथाशक्ती कथन करणार आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले असल्याने चूकभूल पदरात घ्यावी.

सन १९७३ चा चैत्र होता. पाथर्डी तालुक्यात रस्त्याच्या दुष्काळी कामावर मी हजेरी लिहीत असे. केशरबाई ही पन्नाशीची विधवा तेथे खडी फोडी. रेशनवर मिलो ही परदेशची लाल ज्वारी मिळे व सर्वजण तिचीच भाकर खात. केशरबाई मात्र घरच्या बाजरीवर होती, आणि ती बाजरी सरत आली होती. दिवसाला अर्धी भाकर. हातोडा उचलताना तिला भोवळ येई.

"मावशे, मिलो खा गं," मी विनवी.

"कुनाच्या रानातलं, कुनी पेरल्यालं, ठावं न्हाई. माज्या घशाखाली उतरत न्हाई बाबा."

तिला पटावे या सद्हेतूने मी दुपारच्या सुट्टीत वर्तमानपत्रातले कोष्टक मोठ्याने वाचले: भारत आणि जपान, चालू खात्यावरील खर्च, सन १९६१ पासून.

"चालू खातं?" टवाळ बन्सी म्हणाला. "कोन चालता चालता खातं? आपला मुकादम तर बसून खातो!"

हशा ओसरल्यावर मी खुलासा केला की, देश बाहेरून जे घेतो व बाहेर जे देतो, त्याचा तो हिशेब होय. मग बाहेरून घेण्यापायी झालेल्या खर्चाचे खडीचे ढीग मांडले. दर वर्षाला दोन. डावा आपला, उजवा जपानचा. आपला कधी वाढे, कधी खचे. जपानचा वाढत वाढत गुडघ्याला लागला.

"बघ मावशे, येवढा मोठा देश, त्यो बी बाहेरून घेतो. मग आपल्याला लाज कशाची?"

केशरबाई ढिगांपाशी उकिडवी बसली.

"त्ये काय घेत्यात?"

"तेल, लोखंड."

"त्याचं काय करत्यात?"

"यंत्रं करून इकत्यात."

"आन् आपल्या ढिगात?"

येथे मी असत्य बोललो असतो तर बरे झाले असते.

"तेल, यंत्रं... आन् धान्य."

"मंजी मिलो बी?"

"व्हय."

तिने डावीकडच्या, आपल्या देशाच्या शेवटच्या ढिगातून नखाएवढा खडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"ह्यो माजा. येवढा कमी लिव्ह."

"आगं म्हातारे, येवढ्यानं देशाचं काय हुतंय?" बन्सी म्हणाला.

"देशाचं देश बघंल," म्हणत ती हातोड्याकडे वळली.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यासाठी मिलोची भाकर फडक्यात बांधून नेऊ लागलो. ती फडके सोडीतही नसे. पाचव्या दिवशी ती खडीवरच कलंडली. बैलगाडीतून पाथर्डीस नेताना वाटेतच तिने प्राण सोडला. तिचा मुलगा सहादेव ऊसतोडीवरून आला, तेव्हा घरात एका गाडग्यात, तोंड बांधून ठेवलेली बियाण्याची बाजरी निघाली. एक दाणाही कमी नव्हता.

माझे ढीग पुढे रस्त्यात पसरले गेले व त्यांवरून रूळ फिरला. आपला कोणता, जपानचा कोणता, आज सांगता येणार नाही. तो खडा मात्र मी त्यात टाकला नाही. माळावर वारा सुटला की हजेरीच्या कागदांवर तोच ठेवतो. तो इतका लहान आहे की, कागद उडतातच.

वाचकहो, आपण एवढा वेळ दिलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
गहिनीनाथ भिमाजी ढाकणे