ज्ञानेश गुरुजींची न्याहारी

ज्ञानेश गुरुजींना जुन्या शब्दांचं भारी वेड. कारेगावला कंपनीत जाणारी पोरं 'नाश्ता' म्हणायला लागली, तर ह्या माणसाला दिवसभर अन्न गोड लागायचं नाही. बायको सुषमा दौंडला माहेरी गेली आणि कांदे काढायला बाया सांगायचं काम पहिल्यांदाच त्यांच्यावर आलं, तेव्हा ते मोठ्या ऐटीत म्हणाले, "उजाडताच या. न्याहारी आमच्याकडे!"

आठ बाया आल्या. दोन वाफे काढले आणि नऊ वाजता बांधावर जाऊन बसल्या. गुरुजींनी चहा आणि खारी आणली. चहा संपला, पण कुणी उठेना. चार वाजता टेम्पो येणार होता, आणि कांदा तयार नसला तर तो तसाच पुढच्या शेतावर जाणार होता.

"न्याहारी म्हनला व्हता न्हवं?" टोळीची पुढारीण सोजरबाई म्हणाली.

एवढं ऐकल्यावर गुरुजी थांबतात होय! "मूळ ठाऊक आहे का ह्या शब्दाचं? फारसीत 'नहार' म्हणजे सकाळपासून पोटात काही नसलेला..." सोजरबाईनं तीनदा तोंड उघडलं, तीनदा मिटलं. अर्धा तास गेला.

"मंग आम्ही आत्ता नहारच हाय," टोळीतली चांगुणा म्हणाली.

गुरुजी घराकडे पळाले. पीठ सैल झालं म्हणून पीठ घातलं, घट्ट झालं म्हणून पाणी. परात भरली, बोटं भाजली, धूर माळवदापर्यंत गेला. अकरा वाजता ते आठ भाकरी घेऊन बांधावर आले. त्यातली एकही गोल नव्हती.

बायांनी आपापली फडकी सोडली. प्रत्येकीच्या फडक्यात दोन-दोन पातळ, पांढऱ्या भाकरी!

"अवं, भाकरी ज्याची त्यानं आणायची," सोजरबाई म्हणाली. "मालकानं निस्तं कालवण द्यायचं. वाटीभर आमटीचं काम व्हतं."

"मग सांगायचं ना!"

"तुम्ही बोलू कुठं दिलं?"

गुरुजींना रडूच यायचं बाकी होतं. ते बघून सोजरबाईला दया आली. तिनं वाफ्यातला कांदा उपटला, बुक्कीनं फोडला, आपली अर्धी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली. "बसा. सकाळधरनं तुमच्याबी पोटात काय न्हाई."

मग मात्र बाया अशा वाकल्या की साडेतीनला शेवटची गोणी शिवून झाली. टेम्पो भरून गेला आणि गुरुजींचा जीव भांड्यात पडला.

जाताना सोजरबाईनं त्यांची एक भाकरी फडक्यात नीट बांधून घेतली.

"ही कशाला?" गुरुजींनी घाबरत विचारलं.

"सुषमा परवा येतीया न्हवं? तिला दावायची हाय."