वरचा काळा, खालचा गुलाबी

मित्रांनो, खटकचिंचोळीच्या अंकुशरावांच्या स्वयंपाकघरात एकूण सात दगड होते. चुलीचे तीन, पाटा एक, वरवंटा एक आणि जात्याचे दोन. सातांपैकी सहा काळे. मी एक जुना काळा दगड आहे, जात्याचा वरचा. आणि खरे सांगतो, पुरता वैतागलेला आहे. सातवा, माझ्या खालचा, गुलाबी. माझे सगळे दुःख त्या सातव्यापासून सुरू होते.

जन्माने आम्ही दोघेही वितळलेल्या रसाचे. माझा रस जमिनीवर येऊन पसरला आणि लवकर निवला. कणांना वाढायला सवडच मिळाली नाही, म्हणून ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. रसातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोके मात्र अंगात राहिली. एक थर झिजला की खालची भोके उघडतात, म्हणून मी लवकर गुळगुळीत होत नाही. त्याचा रस जमिनीच्या पोटातच अडकला आणि फार सावकाश निवला. त्याचे कण ज्वारीच्या दाण्याएवढे. पांढरे, गुलाबी, मध्ये चकाकत्या काळ्या पापड्या. दिसायला देखणा. मला वाटे, एवढे मोठे कण सुटून पडायला कितीसा वेळ लागणार?

माझा पहिला जोडीदार माझ्याच खाणीतला होता. आम्ही एकोणीस वर्षे दळले. घरच्या मालकीण राजूबाई म्हणायच्या, "आमच्या जात्याचं पीठ म्हंजे मलई!" मग १९३७ साली, मुलाचे लग्न तोंडावर आले असता, जोडीदाराला तडा गेला. लग्नाची हळद जात्यावर दळतात, तेव्हा जाते सुपारी बांधून पुजतात. पाहुण्यांसमोर काहीतरी झोकदार दिसावे म्हणून राजूबाईंचे यजमान अंकुशराव यादगीरकडून हा गुलाबी दगड गाडीत घालून घेऊन आले.

जात्याला टाकी देणारी, म्हणजे छिन्नीने घाव घालून ते खरखरीत करणारी भागम्मा तो पाहून कपाळाला हात लावून बसली. "अण्णा, एका खाणीचे दोघं सख्खे भाऊ असतेत. जोडी फोडू नका."

"तुला काय कळायलंय? चमकायलाय बघ कसा!"

भागम्माने टाकी दिली. मी आतल्या आत कण्हत राहिलो. दगडाचे कण्हणे कोण ऐकतो?

हळद झाली, लग्न झाले, मादन हिप्परग्याची निलम्मा सून म्हणून आली आणि भाकरी दाताखाली कचकचू लागली.

"कामून ग, ज्वारी निवडतीस का नुसती चाळवतीस?" राजूबाई विचारत.

"दोन बार निवडली, आत्याबाई. खडा दिसला न्हाई."

"मग दाताखाली काय आलं? तुझ्या बापानं दिलेला दागिना?"

एके दिवशी अंकुशरावांची दाढ ठणकली. त्या दिवशी राजूबाईंनी निर्वाणीचे सांगितले, "येत्या सोमवारी भाकरी कचकचली तर गाडी जुंपते. आईजवळ जाऊन निवडायला शीक, मग ये." पहाटे माझा खुंटा धरण्याआधी निलम्मा ज्वारी तिसऱ्यांदा निवडू लागली. दोष खालच्याचा, बोल तिला, आणि मी मुका! इतका संताप मला खाणीत सुरुंग लावून फोडले तेव्हाही आला नव्हता.

त्या आठवड्यात राजूबाईंचा भाचा हणमंत हैदराबादेहून आला. तो तिथे विज्ञान शिकून पदवीधर झाला होता. पहिलाच घास तोंडात घोळवत त्याने विचारले, "आत्या, हे मोजून बघू का?"

"दगड कोण मोजतंय रे? भाकरी खा."

"मोजू दे. सोमवारची ज्वारी तूच निवड. मग बोल लावायला वहिनी मधी येतच न्हाई."

राजूबाईंना ते पटले, की नुसता राग आला, कोण जाणे. सोमवारी त्यांनी भिंग लावल्यासारखे डोळे करून चार शेर ज्वारी स्वतः निवडली. निलम्माने त्यांच्यासमोर दळली. हणमंतने सगळे पीठ परातीत पाण्यात कालवले, पांढरे पाणी ओतून टाकले, पुन्हा कालवले, पुन्हा ओतले. तळाशी उरलेली खर, म्हणजे दगडाची बारीक कच, उन्हात वाळवली.

आता तरी सत्य बाहेर पडेल, म्हणून मी श्वास रोखून होतो. मित्रांनो, तुम्हाला माझे एकच सांगणे आहे. जोडी लावताना कुणाचे कुणाशी जमते ते पाहा, आणि कुणाला बोल लावण्याआधी तोलून घ्या. चमक पाहून निवाडा करू नका. मी हे कधीचा सांगतो आहे.

हणमंतने खर कागदावर पसरली आणि भिंगाखाली सुईने वेगळी केली. "हा काळा बेसाल्ट, वरचा. हा ग्रॅनाइट, खालचा," तो म्हणाला. राजूबाई मान लांबवून बघत होत्या. निलम्मा दाराशी उभी होती. मग त्याने सोनाराकडून आणलेल्या तराजूत गुंजा टाकल्या आणि वहीत लिहिले:

ज्वारीतले मातीचे खडे: शून्य. पांढरी, गुलाबी व चकाकती खर: तीन गुंजा. काळी, निस्तेज खर: अठरा गुंजा.