गव्हाणीतली खळ

मी एक जुनी गव्हाण आहे. सागवानी. गाय माझ्यात तोंड घालून खाते. मित्रांनो, माझ्यात काय पडतं ते मला कळतं. सांगता येत नाही.

सुताराने मला घडवलं तेव्हा म्हणाला, "नातवंडं वापरतील." तेवढंच माझं कौतुक. मग बुऱ्हाणपुरात शनवारा पेठेत, विणकर चुडामणच्या घरी आले. घरात हातमाग, परसात तांबू गाय.

राज्यांची नवी वाटणी झाली, त्या साली तांबू व्याली. दूध कमी. वासरीच्या फासळ्या दिसू लागल्या. गुरांचे नवे डॉक्टर उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे. म्हणाले, "सूखी कड़बी से दूध नहीं बनेगा, बाई. रोज़ खल दो, भिगोकर."

ते गेल्यावर चुडामणची बायको मालूबाई म्हणाली, "खल म्हणजे काय हो?"

"खळ. हिंदीवाल्यांच्या जिभेला ळ कुठे जमतो?"

"सुताला लावतो ती? गाय काय मागावर चढवायची आहे?"

"डॉक्टर तू का तो?"

झालं. मैदा शिजवून केलेली खळ. सकाळी खळ. संध्याकाळी खळ.

तांबूचं पोट भरायचं. चालण्यापुरतं बळही यायचं. पण दूध बनायला, वासराचं अंग भरायला जे प्रथिन लागतं, ते खळीत जवळजवळ नसतंच. तांबू ते स्वतःच्या अंगातलं काढून देत होती. तिची मान माझ्या काठावर जड होत गेली. मी ओरडले. लाकूड ओरडलं तरी नुसतं करकरतं.

"गव्हाण कुरकुरते," मालूबाई म्हणाली.

चुडामणने खिळा ठोकला.

वासरी उभी राहीना. मालूबाई स्वतः डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी माझ्यात हात घातला. बोटं चिकटली.

"यह क्या है?"

"खळ. तुम्हीच सांगितली ना."

ते हात पुसत बाहेर पडले. तेलघाण्यावरून सरकीचा घट्ट चोथा घेऊन आले. "यह खल."

मालूबाईने तुकडा हातात घेऊन पाहिला. "व माय, ही तर ढेप. ढेप म्हणायचं ना, साहेब."

"मुझे क्या मालूम, बाई, आप इसे ढेप कहते हैं."

ढेप आली. भिजवून, रोज थोडी थोडी. दूध वाढलं. वासरी उठली. पण खुजी राहिली. वाढायचे दिवस निघून गेले होते, ते कुणी परत देत नाही.

आता मी परसात पालथी पडून आहे. माझ्यावर कोंबड्या बसतात. त्याचं काही नाही. धास्ती वेगळीच आहे. आत्ताही कुठेतरी कुणी डॉक्टरांचा शब्द ऐकून नुसती मान हलवत असेल. मित्रांनो, शब्द कळला नाही तर म्हणा, वस्तू दाखवा. विचारायला तुम्ही लाजता, आणि पोटभर खाऊनही गाय उपाशी राहते.