बत्तिशी

बत्तिशी म्हणतात मला. दात मोजून ठेवलेलं नाव आहे, लाडाचं नव्हे. सायकलच्या मागच्या चाकाला एकीला एक लागून अकरा दातेरी चकऱ्या असतात. त्यांतली सगळ्यात मोठी मी, बत्तीस दातांची. तुमच्या तोंडात असतात तेवढेच. फरक इतकाच, की तुमचे दात दिवसभर बोलण्यात मदत करतात आणि माझ्यावर बोलायची वेळ आज पहिल्यांदा आली आहे.

आधी माझं काम सांगते. सपाट रस्त्यावर साखळी माझ्या धाकट्या बहिणींवर पळते. खोऱ्यात उतरताना तर सगळ्यात धाकटीची चंगळ असते. मी नुसती वारा खात गरगरते. पण घाट लागला, चढ खडा झाला, की साखळी एकेक पायरी चढत माझ्याकडे येते. मग सायकल मुंगीच्या पावलांनी निघते, पण पाय फिरत राहतात, दम पुरतो, आणि माणूस खाली न उतरता माथ्यावर पोचतं. नेमकी याचीच लोकांना लाज वाटते. घाटात धापा टाकत सायकल ढकलत नेली तर ती मर्दुमकी, आणि बत्तिशी लावून बसल्या बसल्या वर गेलं तर तो पळपुटेपणा.

एका दणकट यंत्राखाली पोलादाच्या पत्र्यातून मी कापली गेले आणि वर्षभर एका दुकानात खोक्यात पडून राहिले. गिऱ्हाइकं यायची, खोकं उघडून बघायची, "एवढी मोठी?" म्हणून परत ठेवायची. मग एके दिवशी ती आली. चष्म्याच्या दुकानात नजर तपासायचं काम करायची. बोलणं बेताचं, बघणं भरपूर.

"ताई, पंचवीसची चकरी रुबाबदार दिसते," मिस्त्री तिला म्हणाला. "बत्तीसची लावलीत तर लोक हसतील."

"वर पोचेन का पण?"

"पोचाल की."

"मग हसू देत."

एवढ्या चार वाक्यांत मी तिची झाले.

ती दर रविवारी सकाळी एकटीच निघायची. वळण आलं की पुटपुटायची, "हे एक." पुढचं आलं की पुन्हा, "हे एक." बावीस वळणांचा घाट तिने असा एकेक करून संपवला. घाई नाही, आव नाही. माझे दात साखळीला धरत, सोडत, धरत. तेव्हा मला वाटायचं, आपल्यासारखं भाग्य त्या अकरा जणींत कुणाचं नाही.

अशाच एका रविवारी सतराव्या वळणावर तो उभा होता. झकपक सायकल दगडाला टेकवलेली, एक हात गुडघ्यावर, तोंड लालबुंद.

"पाणी हवंय का?" तिने विचारलं.

"नको, नको. जरा नजारा बघतोय."

धुकं असं होतं की दहा पावलांवरचा दगड दिसत नव्हता. ती हसली नाही. बाटली पुढे केली. त्याने ती एका दमात रिकामी केली. वर्षभराने त्यांचं लग्न झालं.

लग्नानंतर पाहुण्यांना तो ही गोष्ट सांगू लागला. "घाटात ही दमून उभी होती. मी पाणी दिलं, सोबत केली, हळूहळू वर घेऊन गेलो." पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती त्याच्याकडे बघतच राहिली. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा ती कप गोळा करायला उठली. पाचव्यांदा पाहुण्यांनी तिलाच विचारलं, "खरंच असं झालं?" तर म्हणाली, "साधारण."

सासरच्या घरात गॅलरीतल्या भिंतीला एक आकडा होता. त्यावर त्याची सायकल टांगलेली. आमची जागा कपडे धुण्याच्या यंत्रामागे.

"अगं, तुझ्या सायकलवर ओले टॉवेल टाकले तर चालेल ना?" सासूबाईंनी विचारलं. बाई वाईट नव्हत्या. विचारलं तरी.

"चालेल," ती म्हणाली.

पुढे हँडलला कांद्यांची पिशवी लागली. चालेल. सीटवर इस्त्रीचे कपडे आले. चालेल. सायकल चालत नव्हती, 'चालेल' मात्र रोज चालत होतं. नवी सून दिवसात किती वेळा हा शब्द म्हणते, हे कुणी मोजलं तर बत्तीस दातही पुरायचे नाहीत.

तरीही एक गोष्ट तिने स्वतःहून मागितली. दरवर्षी तीन घाटांची फेरी असते: सकाळी एका खोऱ्यातून निघायचं, तीन घाट ओलांडायचे आणि सूर्य मावळायच्या आत तिसऱ्या माथ्यावर पोचायचं. तो चार वर्षं जात होता. तिसरा माथा एकदाही वेळेत गाठला नव्हता. तिने त्याच्याबरोबर आपलंही नाव घातलं. अडीच महिने ती कामाआधी दीड तास सराव करून यायची, मग स्वयंपाक, मग दुकान. एके दिवशी तिचा नंबर घरी आला, कापडी चौकोनावर छापलेला. तो तिने दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि कपाटात साड्यांच्या घडीत ठेवला. दागिना ठेवावा तसा.

फेरीला आठ दिवस उरले असताना त्याने खड्ड्यात सायकल घातली आणि मागच्या चाकाची कड वाकवून आणली. नवं चाक यायला पंधरा दिवस लागणार होते. जेवताना विषय निघाला.

"तुझं चाक माझ्या सायकलला बसतं," तो भात कालवत म्हणाला.

"आणि मी?"

"तू पुढच्या वर्षी कर ना. तुला काय, तू मजेसाठीच करतेस. माझं चार वर्षांचं अडलंय."

तिने सासूबाईंकडे पाहिलं. "वर्षं काय पळून चाललीत का गं?" त्या म्हणाल्या. "आत्ताच तर लग्न झालंय."

"तू गाडी घेऊन ये की आमच्या मागे," तो खुशीत आला. "पाणी, केळी द्यायला. तेवढीच सोबत."

ताटात भाताचं एक शीत उरलं होतं. तिने ते बोटाने उचलून खाल्लं. मग म्हणाली, "चालेल."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मला तिच्या सायकलवरून त्याच्या सायकलवर चढवलं. "साहेब, तुमची पंचवीसची चकरी या चाकावर लावून देतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"असू दे," तो चटकन म्हणाला. "उगाच काढघाल कशाला?"

तेव्हाच मी काय ते ओळखलं.

फेरीच्या दिवशी सकाळी त्याचा 'मीटर' नावाचा मित्र भेटला. सारखा वेग बघतो म्हणून ते नाव. त्याची नजर थेट माझ्यावर. "काय रे, बायकोची बत्तिशी लावून आलास?"

"चाक तिचं आहे," तो हसला. "त्या चकरीला हात लावला तर नाव बदलीन."

पहिला घाट त्याने दात-ओठ खाऊन काढला, दुसरा शिव्या घालत. तिसऱ्याच्या पायथ्याशी मीटर आणि बाकीची मंडळी पुढे निघून गेली. दोन वळणं झाली. त्याने मागे पाहिलं. तिची गाडी अजून वळणापलीकडे होती. हँडलवर टक् असा आवाज झाला आणि साखळी माझ्यावर आली.

आता इथे माझा इलाज नव्हता. मी दात आवळून घेतले असते, साखळी सोडली असती, तर तो तिथेच बसला असता. पण मला तसं येत नाही. पायडलवरचा माणूस कोण, हे बघून काम करायला मी काही माणूस नव्हे. नऊ किलोमीटर मी त्याला वाहून नेलं. गाडी जवळ आली की तो मला सोडून खालच्या चकरीवर जायचा, उभा राहून जोर लावायचा, मानेच्या शिरा फुगवायचा. गाडी मागे पडली की पुन्हा माझ्याकडे. तिने काच खाली केली होती. माझ्यावर साखळी आली की कसा आवाज होतो, हे तिला सांगावं लागत नाही. पण शेवटपर्यंत ती गाडी पुढे न काढता मागेमागेच येत राहिली. 

शेवटचा चढ इतका खडा होता, की तो माझ्यावरच बसून माथ्यावर पोचला. सूर्य मावळायला अकरा मिनिटं होती. मित्रांनी त्याला उचलूनच घेतलं.

"आणि बत्तिशी?" मीटरने विचारलं.

"एकदाही नाही! आईशप्पथ."

सायकल कठड्याला टेकलेली होती आणि साखळी होती माझ्यावर. उतरताना तो बदलायला विसरला होता. कुणीही नुसतं खाली पाहिलं असतं तरी पुरे होतं. मी ऊन खात लखलखत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण आता बोललो, तोंड न उघडता बोललो.

ती पाण्याची बाटली घेऊन गाडीतून उतरली. तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. मग त्याच्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मी वाट बघत होते. एक बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं.

"वहिनी, या ना फोटोत!" मीटर ओरडला.

"आले. चाकातून आवाज येतोय वाटतं, तेवढा बघते," ती म्हणाली. हँडलवरची कळ तिने चार वेळा दाबली, सीट धरून मागचं चाक उचललं आणि हाताने पायडल फिरवलं. साखळी माझ्यावरून घसरली, एकेक पायरी उतरत मधल्या बहिणीवर जाऊन बसली. मग तिने ओढणीला हात पुसले आणि फोटोत जाऊन उभी राहिली. कडेला.

परतताना गाडी तीच चालवत होती. तो शेजारी डोळे मिटून म्हणाला, "बरं झालं तू नव्हतीस. तिसरा घाट तुला झेपला नसता. फार खडा आहे गं."

"हो का," ती म्हणाली आणि वळण घेतलं.

याला आता वर्ष होत आलं. त्याचं नवं चाक आलं, पण माझं चाक चालवायला हलकं पडतं म्हणून मी त्याच्याकडेच राहिले. नव्या चाकाचं खोकं माळ्यावर आहे, न उघडलेलं. तिच्या सायकलचा मागचा भाग चाकाविना, कपडे धुण्याच्या यंत्राच्या आधाराने उभा आहे.

परवा पुढच्या फेरीची नावं घेणं सुरू झालं. त्याने विचारलं, "तुझं घालू का? की गाडी चालवशील? तू असलीस की मला मागची काळजीच राहत नाही."

तिने भाजी चिरता चिरता हात थांबवला. खरंच थांबवला, मी आकड्यावरून पाहिलं.

"गाडी चालवते," ती म्हणाली.

वाचणाऱ्यांनो, माझ्या दातांवर गंज यायला अजून वेळ आहे. तोवर मी वाहीन, जो बसेल त्याला वाहीन. तिच्यासाठी मात्र एक मागते. तुमच्यापैकी कुणी त्यांच्या घरी गेलात, तर चहा घेऊन झाल्यावर गॅलरीत या आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा, "या सायकलचं मागचं चाक कुठे आहे?"

मला विचारता येत नाही. तिला येतं, पण ती विचारणार नाही.