नववा दिवा नसलेला फळा

माझ्या आठ दिव्यांपैकी उजवीकडून तिसरा दिवा इतरांपेक्षा किंचित उशिरा लागतो. हा उशीर पापणी लवण्याइतकाही नसतो. पण खोली शांत असेल आणि कान दिलात, तर ऐकू येतो. टक, टक, आणि जरासे थांबून टक. त्या दिव्यामागची स्प्रिंग बाकीच्यांपेक्षा थोडी ताठ आहे, एवढेच त्याचे कारण.

मित्रांनो, मी एक जुना, बेरीज करणारा फळा आहे. बाहिया ब्लांका शहरातल्या एका अभियांत्रिकी विद्यालयाच्या तळघरात, कपाटाच्या निखळलेल्या दारापासून माझा जन्म झाला. मला घडवणारे आन्सेल्मो बेर्तोल्दी हे कार्यशाळेतले कारागीर होते. टेलिफोन केंद्रातून मोडीत निघालेले रिले त्यांनी पोत्यात भरून आणले होते. रिले म्हणजे विजेने ओढली जाणारी लोखंडी पट्टी. पट्टी ओढली गेली की विजेची वाट जुळते, सुटली की तुटते. तिला तिसरे काही येत नाही. तुमचे संगणकही वाट जुळणे आणि तुटणे यांवरच चालतात. फक्त त्यांच्या वाटा डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांचा आवाज होत नाही.

माझ्यावर बटणांच्या दोन ओळी आहेत, प्रत्येकीत आठ. खाली आठ दिवे आहेत. उजवीकडचा पहिला दिवा एकचा, दुसरा दोनचा, तिसरा चारचा, असे दुप्पट होत डावीकडचा शेवटचा एकशे अठ्ठावीसचा. दोन्ही ओळींत दोन संख्या मांडायच्या, की बेरीज दिव्यांत उजळते. एका घरात मावले नाही की हातचा डावीकडच्या घरात जातो, तुम्ही लहानपणी शिकलात अगदी तसाच.

सगळे दिवे लागले की दोनशे पंचावन्न होतात. त्यापुढे जायला नववा दिवा हवा होता. पण दारावर जागा संपली होती.

"आठ पुरेत," आन्सेल्मो म्हणाले होते. "ज्याला जास्त मोजायचंय त्यानं मोठं दार आणावं."

पुष्कळ वर्षे माझे कौतुक झाले. मग पडद्यांचे संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. वरून पावले जात, माझ्यावर धूळ साचे. माझी तक्रार नव्हती. वीज नसली की माझ्या सगळ्या पट्ट्या सुटलेल्या असतात, आणि सुटलेल्या पट्टीला वाट पाहणे फारसे जड जात नाही.

ग्रासिएला उस्तारोस या संगणकाची मूलतत्त्वे शिकवणाऱ्या बाईंनी मला बाहेर काढले. पहिल्या वर्षाची मुले त्यांना म्हणाली होती, की यंत्राच्या आत नेमके काय होते ते दिसतच नाही. बाईंनी मला पुसले, वर्गात टांगले आणि दोनशे अधिक शंभर मांडायला सांगितले. चव्वेचाळीस उजळले.

"बिघडलाय हा!" सगळा वर्ग ओरडला.

"नाही," बाई म्हणाल्या. "शेवटचा हातचा ठेवायला याच्याकडे घर नाही, म्हणून दोनशे छप्पन्न गळाले. तुमच्या महागड्या यंत्रांतही घरं मोजकीच असतात. ती किती आहेत ते आधी विचारा, मग यंत्राला शिव्या द्या."

तेव्हापासून दरवर्षी मला बिघडलेला ठरवतात आणि दरवर्षी मी निर्दोष सुटतो.

यानिना केसादा पहिल्यांदा माझ्यासमोर आली, तेव्हा ती ओरडली नव्हती. ती खाली बसून माझी मागची बाजू बघत होती. दिवसा ती बंदरावर धान्याचे ट्रक तोलण्याच्या काट्यावर काम करी आणि संध्याकाळच्या वर्गाला येई. इथे वर्ग पूर्ण झाला की तोंडी परीक्षा लगेच देण्याची सक्ती नाही. अडीच वर्षांत कधीही द्यावी. यानिना पहिल्याच वेळी बसली. परीक्षा दार उघडे ठेवून होते, कुणीही येऊन ऐकू शकते. परीक्षक तेहेरिना सरांनी तिला माझ्यावर दोनशे अधिक शंभर मांडायला लावले.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली.

"दोनशे आणि शंभर, चव्वेचाळीस?" सरांनी भुवया उंचावल्या. दारातली मुले हसली.

तिला कारण ठाऊक होते. मागे बसून तिने माझी प्रत्येक तार पाहिली होती. पण चुकले तर, या भीतीने तिचे तोंड जे मिटले ते उघडलेच नाही. ती नापास झाली. नंतर सहा वेळा तिने यादीत नाव घातले आणि सहाही वेळा नाव पुकारताना ती तिथे नव्हती.

"पुढच्या वेळी देते," ती बाईंना सांगे.

यंदाच्या डिसेंबरची परीक्षा ही तिची शेवटची संधी होती. ती गेली की अख्खा वर्ग पहिल्यापासून करावा लागणार होता, आणि तो वर्ग आता सकाळी भरू लागला होता. सकाळी काट्यावर हजर राहायचे, तर शिक्षण सोडावे लागले असते.

परीक्षेच्या आठवडाभर आधी वर्गात उजळणी चालू होती. खोलीत माते हे इथले कडवट गरम पेय प्यायला मनाई आहे. म्हणून सगळे ते दप्तरातून आणतात. एझेकिएल नावाच्या एका काटकुळ्या मुलाने, ज्याला सगळे लुकड्या म्हणत, गरम पाण्याचा थर्मास माझ्या वरच्या कडेवर ठेवला. तो कलंडला. चारच्या दिव्यामागे पाणी शिरले आणि माझा आवाज थांबला.

"लुकड्या, गाढवा! आजोबांना अंघोळ घातलीस!" कुणीतरी ओरडले.

आन्सेल्मो आता हयात नव्हते. बाईंनी यानिनाला निरोप पाठवला. ती काट्यावरून थेट आली, केसांत गव्हाचा भुसा तसाच. तिने भिजलेला रिले काढला, पोत्यातला दुसरा, जरा ताठ स्प्रिंगचा, बसवला, तारा डाग देऊन जोडल्या. मुले भोवती कोंडाळे करून उभी होती.

"तीन अधिक एक," ती म्हणाली.

लुकड्याने बटणे दाबली. एकही दिवा लागला नाही.

"शून्य!" लुकड्याला हसू आवरेना. "यानिनाताई, बंदरावर असंच तोलता का? म्हणजे अर्धी बोट रिकामीच जात असणार!"

सगळे हसले. मला वाटले, आता तिचे तोंड मिटणार. तिचे कान लाल झालेही होते.

"गप रे," ती म्हणाली. "पाणी ओतायचं तू आणि हसायचंही तूच? एक अधिक एक कर."

"दोन. बरोबर आलं."

"सात अधिक एक?"

"चार."

ती थांबली. मग हळूहळू, मोठ्याने बोलू लागली. "तीन अधिक एकला चार हवेत, आले शून्य. सात अधिक एकला आठ हवेत, आले चार. दोन्ही वेळा किती गळाले?"

"चार," एक मुलगी म्हणाली.

"मग चोर चारच्या घराच्या दारातच आहे. दोनच्या घरातून निघालेला हातचा तिथे पोचत नाहीये. म्हणजे एक तार जोडायची राहिली. आणि ती मीच विसरले."

तिने मला उलटे केले. तार मोकळी लोंबत होती.

"चूक तुझी, शोधलीसही तूच," मागून बाई म्हणाल्या. त्या केव्हा आल्या, कुणालाच कळले नव्हते. "दोन चुकीच्या उत्तरांवरून. मलाही इतक्या लवकर सुचलं नसतं."

यानिनाने डाग द्यायचे अवजार खाली ठेवले. "परीक्षेला तुम्ही तिघं टेबलामागे बसता, बाई. इथे हा लुकड्या होता."

"लुकड्या आमच्यापेक्षा वाईट हसतो," बाई म्हणाल्या. "दहा तारखेला येशील?"

"बघते."



मित्रांनो, जुन्या वस्तूंना पुसा, कोरड्या ठेवा, त्यांच्यावर थर्मास ठेवू नका, हे तर मी सांगणारच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. यंत्राने चुकीचे उत्तर दिले तर ते घाईने पुसू नका. त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. आपल्याला कुठे दुखते ते सांगायला आमच्याकडे दुसरी भाषा नाही.

दहा तारखेला मला परीक्षेच्या टेबलावर ठेवले होते. इथे डिसेंबरात उन्हाळा असतो; उत्तरेचा गरम वारा खिडक्या हलवत होता. तेहेरिना सर यादी घेऊन उघड्या दारात उभे होते. बाहेर व्हरांड्यात गर्दी होती आणि टेबलावरून मला फक्त खांदे दिसत होते.

"केसादा, यानिना," सरांनी पुकारले. मान वर न करताच त्यांनी पेन कागदावर टेकवले. सातव्यांदा तेच लिहायचे होते. "गैरहजर."

बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. व्हरांड्यातले खांदे बाजूला सरले.

"थांबा सर, ते लिहू नका," यानिना म्हणाली. "मी आज परीक्षा देणार आहे."